दादाला विचारणे

११ फेब्रुवारी

दादा,

तुमचा पत्ता एका जुन्या पाकिटावरून उतरवून घेतला आहे. पाकीट बारा वर्षांपूर्वीचं आहे, त्यामुळे हे पत्र तुम्हाला मिळेल की परत येईल, सांगता येत नाही. फोन लावून पाहिला होता. तो नंबर आता दुसऱ्याच कुणाचा आहे.

तुमची बहीण गेली. नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, सकाळी, लॅबला जायची तयारी करत असताना. डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसावा. हे मी तेव्हाच कळवायला हवं होतं. तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा तुमचं नाव लिहून उठलो. पाणीपुरवठा खात्यात मी तीस वर्षं नकाशे सांभाळले. पत्रं लिहिण्याचं काम तिथे दुसऱ्यांकडे होतं आणि घरी तिच्याकडे.

आता लिहितो आहे त्याला कारण आहे. ती गाड्यांची मॉडेलं करायची, हे तुम्हाला ठाऊक असेल की नाही कोण जाणे. किट आणायची, सुटे भाग कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सगळ्या गाड्या ब्रिटिश फौजेच्या, आणि त्याही अलीकडच्या. दिवसभर लॅबमध्ये लोकांचे दात बनवायची आणि घरी येऊन रणगाड्यांची चाकं घासत बसायची. ही किटं सहजी मिळत नाहीत. दुकानात गेलं की दुकानदार महायुद्धातले जर्मन रणगाडे पुढे करायचा. ती म्हणायची, तुमचे जर्मन राहू द्या, ब्रिटिश काही आहे का, नवीन? मग तो विचारायचा, नातवासाठी हवंय का? ती हो म्हणायची. आम्हाला मूलच नाही, तर नातू कुठून येणार. पण बाई स्वतःसाठी घेते म्हटलं की पुढचे दहा प्रश्न असायचे, ते वाचायचे.

बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात नऊ गाड्या आहेत. दहावी टेबलावर, फडक्याखाली अर्धवट आहे. ती रुग्णवाहिका आहे, पण ट्रॅकवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांवर चालणारी, रणगाड्याच्या धाकट्या भावासारखी दिसणारी. समॅरिटन तिचं नाव. हे किट शोधायला चार वर्षं गेली. बनवणाऱ्याने बनवणं बंद केलं होतं. शेवटी एका बंद पडणाऱ्या दुकानात दुसऱ्याच खोक्यात सापडलं. प्लास्टिकचं नाही, रेझिनचं. तिने खोकं उघडून वास घेतला आणि म्हणाली, "हे तर आमच्याच धंद्यातलं."

मला ती गाडी पूर्ण करायची आहे. सोबत जोडणीचा कागद आहे, एकोणीस पायऱ्यांचा. चौदाव्या पायरीला छप्पर बसतं. त्या पायरीपाशी तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, "दादाला विचारणे", आणि खाली दोन रेघा ओढल्या आहेत. दुसरा दादा तिला नव्हता, म्हणजे तुम्हीच.

एकदा छप्पर चिकटवलं की आत हात जाणार नाही. म्हणून थांबलो आहे. तिला काय विचारायचं होतं, याचा तुम्हाला काही अंदाज आहे का?

तुमच्या बहिणीचा नवरा


९ मार्च

भावोजी,

मी घर बदललं आहे. जुन्या घरातल्या बाईंनी तुमचं पत्र आठवडाभर खिडकीत ठेवलं आणि मग आणून दिलं. ते मी दारातच उभ्याने वाचलं. त्या बाई मला पाणी हवंय का विचारत होत्या.

मुंगी गेली, हे मला अजून नीट समजत नाही. घरात तिला मुंगी हे नाव मीच ठेवलं होतं. काही सांडलं की एकेक कण वेचत बसायची. अकरा वर्षं मी वाट पाहिली की ती आधी बोलेल. ती धाकटी, तिनेच बोलायला हवं, असं माझं गणित. मोठेपणा मिरवायला माझ्याकडे तेवढंच होतं.

तिला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक आहे. आई गेली तेव्हा मी का आलो नाही, हेच. त्या दिवशी फोनवर ती म्हणाली होती, "आता तुझ्या रणगाड्यांनाच आई म्हण." मी फोन ठेवला तो ठेवलाच. तेव्हा जे कारण सांगितलं होतं तेच तुम्हाला सांगतो. रजा मिळाली नाही. इथल्या ब्रिटिश छावणीच्या वर्कशॉपमध्ये चाळीस गाड्या उघडून पडल्या होत्या आणि हेड मेकॅनिक मी. माझ्यावाचून अडलं असतं.

बाकी गाडीबद्दल काही अडलं तर खुशाल विचारा. त्या रुग्णवाहिकेचं इंजिन मी डोळे मिटून उतरवलं आणि चढवलं आहे.

तुम्ही जेवणाखाणाचं काय करता? एकटे आहात, म्हणून विचारतो.

दादा


२ एप्रिल

दादा,

जेवणाची सोय आहे. दोन भाज्या येतात, तिसरी शिकतो आहे.

तुमच्या पत्रावर मी बराच विचार केला. तुम्ही म्हणता तो प्रश्न तिचा असेलही, पण या कागदावरचा तो नाही. पाचव्या पायरीला लिहिलं आहे, "फट राहते, भरणे." नवव्या पायरीला, "आरसा उलटा दाखवलाय." आईबद्दलचा प्रश्न ती चौदाव्या पायरीला लिहिणार नाही.

मध्यंतरी एक गोष्ट झाली. कपाटातली धूळ पुसताना माझ्या हातून एक गाडी खाली आली. चारशे बत्तीस नंबरची, सैनिक नेणारी, सरळसोट पेटीसारखी. बाहेरून काही मोडलं नाही, पण उचलली तर आत काहीतरी खुळखुळलं. मला वाटलं, झालं, मोडून ठेवली. पत्नीच्या गाडीला तिच्या हयातीत मी कधी हात लावला नव्हता आणि ती गेल्यावर पाच महिन्यांत ही कामगिरी.

तिच्या लॅबमधल्या थोरल्या बाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी पातळ पात्याने छप्पर सोडवलं आणि चिमट्याने आतली वस्तू बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. मी म्हटलं, हा मोडका तुकडा कुठला? त्यांनी भिंग दिलं. तो तुकडा नव्हता. चौकोनी भांडं होतं, झाकण आणि नळी असलेलं. आत दोन कप अजून जागेवर चिकटलेले होते, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढे, कान असलेले. बाई म्हणाल्या, "हे दाताचं मटेरियल आहे. बाईसाहेब आमच्याकडचं सामान चोरत होत्या तर." आणि मग डोळे पुसत बसल्या.

घरी येऊन बाकीच्या गाड्या बॅटरीच्या उजेडात फटींतून पाहिल्या. चॅलेंजरमध्ये आहे. वॉरियरमध्ये आहे. जिथे नजर पोचते तिथे सगळीकडे भांडं आणि दोन कप आहेत. बावीस वर्षं मी समोरच्या खुर्चीत बसून पेपर वाचत होतो आणि ती आत चहाची सोय करून वरून छप्पर लावत होती. मला एकदाही दाखवलं नाही.

मग ट्रंकेतली तुमची जुनी पत्रं काढली. परवानगी न घेता वाचली, माफ करा. पहिल्याच पत्रात सापडलं. तुम्ही लिहिलं आहे, इथल्या फौजेची गंमत म्हणजे कुठल्याही चिलखती गाडीत शिरा, आत पाणी तापवायचा छोटा बंब असतोच. लढाई नंतर, चहा आधी. तू आलीस की त्यातच दोन कप चहा करू, एक तुला, एक मला. पुढे प्रत्येक पत्रात एकेक गाडी आहे आणि तिचा बंब कुठे असतो तेही. रुग्णवाहिकेबद्दल मात्र एवढंच, "तिच्याबद्दल पुढच्या पत्रात." पुढचं पत्र नाही.

तेव्हा तिला काय विचारायचं होतं ते आता मला कळलं आहे असं वाटतं. समॅरिटनमध्ये बंब कुठे असतो? तुम्ही तिचं इंजिन चढवलं आहे म्हणता, म्हणजे हे तुम्हाला एका ओळीत सांगता येईल.

तिने बंब बनवून ठेवला आहे. काडेपेटीत, कापसात आहे.


१५ मे

दादा,

माझं एप्रिलचं पत्र मिळालं असावं. तुमची पत्रं वाचली याचा राग आला असेल तर ते रास्त आहे.

दरम्यान मी चाकं बसवून पाहिली. प्लास्टिकचा गोंद रेझिनला धरत नाही, हे मला माहीत नव्हतं. सकाळी पाहिलं तर दहाच्या दहा चाकं टेबलावर पडलेली. ती असती तर तिने फक्त चष्म्यावरून पाहिलं असतं. आता योग्य तो गोंद आणला आहे. बोटंही चिकटतात त्याने.

फक्त डावीकडे की उजवीकडे, एवढंच लिहिलंत तरी चालेल.


८ जून

भावोजी,

राग नाही. तुमच्या एका ओळीच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला मी दोन महिने बसलो आहे. डावीकडे लिहून पाकीट बंदही केलं होतं. पेटीत टाकायला गेलो आणि परत आणलं. जिवंत बहिणीला वीस पत्रं थापा मारल्या, त्या पचल्या. गेलेल्या माणसाच्या प्रश्नाला ते जमेना.

मी मेकॅनिक नव्हतो. मी छावणीच्या धुलाईखान्यात होतो. एकोणीस वर्षं सैनिकांचे ओव्हरऑल धुतले. इकडे आलो तेव्हा वर्कशॉपमध्येच लागायचं होतं, ते जमलं नाही, आणि आईला लिहिताना जमलं असं लिहिलं. आईने ते गल्लीभर सांगितलं. मग मागे फिरायला वाट उरली नाही. गाड्या मी तारेच्या कुंपणापलीकडून पाहिल्या. समॅरिटनमध्येच काय, कुठल्याच गाडीत मी कधी पाय ठेवलेला नाही.

बंबाचं सैनिकांकडून ऐकलं होतं. कपडे घ्यायला रांगेत उभे असले की ते गाड्यांना शिव्या देत आणि बंबाचं कौतुक करत. कुठल्या गाडीत तो कुठे असतो हे विचारायची लाज वाटायची, म्हणून मी अंदाज बांधायचो. ओव्हरऑलवर चहाचे डाग असत. डाग उजव्या गुडघ्यावर असला तर बंब डावीकडे, म्हणजे कप इकडून तिकडे नेताना सांडला असणार. असं माझं शास्त्र. हसू नका. त्यावर ती मुलगी बावीस वर्षं गाड्या बांधत राहिली, हे तुमच्या पत्रातून कळलं आणि मला कपाटात तोंड लपवावंसं वाटलं.

आई गेली तेव्हा रजेचा प्रश्न नव्हता. त्याच महिन्यात धुलाईखाना बंद झाला होता आणि मी रिकामाच होतो. आलो असतो तर घरात बसलेल्या प्रत्येकाने विचारलं असतं, काय मेकॅनिकसाहेब, कसं काय? आईच्या समोर, ती तशी असताना, मला ते उत्तर देता आलं नसतं. म्हणून आलो नाही. एवढंच कारण आहे. कागदावर किती लहान दिसतं.

तिने नऊ गाड्यांत नऊ बंब चुकीच्या जागी बसवले असतील. तुम्ही त्या उघडू नका. आणि दहाव्याचं मला विचारू नका. मला माहीत नाही.

दादा


२४ जून

दादा,

पत्र काल आलं. दोनदा वाचलं. तुम्हाला काही शहाणपणाचं लिहावं असं मनात होतं, पण ते मला जमत नाही. त्याऐवजी जे सापडलं ते जसंच्या तसं उतरवून पाठवतो.

तुमचं पत्र ठेवायला तिचा लॅबच्या सामानाचा खण उघडला. दातांच्या साच्यांच्या डब्यांखाली एक वही आहे. मापांची आणि रंगांची. मी मागेच पाहिली होती, पण रंगांची म्हणून पुढे चाळली नव्हती. काल शेवटपर्यंत चाळली. मागच्या पानांवर प्रत्येक गाडीला एक-दोन ओळी आहेत. अक्षर तुम्ही ओळखाल.

"४३२. पुस्तकात मागच्या दाराजवळ. दादा म्हणतो ड्रायव्हरच्या पाठीशी. ड्रायव्हरच्या पाठीशी."

"वॉरियर. पुस्तकात वेगळं. दादा म्हणतो डावीकडे. डावीकडे."

"लँड रोव्हर. हिच्यात बंब नसतोच. दादा म्हणतो असतो. बसवला."

अशा नऊ नोंदी आहेत. पुस्तक म्हणजे कपाटावरचं ते जाड पुस्तक, आतल्या नकाशांसकट. तिने ते वाढदिवसाला मागितलं म्हणून मीच आणून दिलं होतं, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी. म्हणजे पहिल्या गाडीपासून तिला माहीत होतं. लँड रोव्हरमध्ये चिलखती गाडीसारखा बंब असतो असं कुठलाही मेकॅनिक लिहिणार नाही. दादा, ती मापाची माणूस होती. केसाएवढा फरक असला तरी दात परत करायची. तिने चुकून काही बसवलेलं नाही.

शेवटची नोंद अकरा वर्षांच्या आतली आहे, म्हणजे तुमचं बोलणं बंद झाल्यानंतरची.

"समॅरिटन. पुस्तकात आहे, पान ६१. तरी दादाला विचारणे."

मी पान ६१ उघडलेलं नाही.


३ ऑगस्ट

भावोजी,

तुमचं पत्र खिशात घालून मी तीन आठवडे हिंडलो. मग गेलो.

इथून बसने दोन तासांवर फौजेच्या जुन्या गाड्यांचं संग्रहालय आहे. ते आहे हे मला कित्येक वर्षं माहीत होतं. कधी गेलो नव्हतो. तिथे मोठ्या शेडमध्ये ओळीने सगळ्या उभ्या आहेत, माझ्या पत्रांतल्या सगळ्या. शेवटून तिसरी समॅरिटन. मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान. भोवती दोरी, आणि स्टुलावर एक बुटका म्हातारा, माजी सैनिक. त्याला म्हटलं, आत बसायचं आहे. तो म्हणाला, आत कुणाला सोडत नाहीत. मग मला काय झालं कोण जाणे, त्याला सगळं सांगून टाकलं. मी तुमच्या छावणीत एकोणीस वर्षं धुणी धुतली, मेकॅनिक नव्हतो, बहिणीला खोटं सांगितलं, ती गेली, तिचा एक प्रश्न राहिला आहे. सलग एवढं मी कुणाशीच बोललो नव्हतो.

तो म्हणाला, "माझे ओव्हरऑल दर वेळी आखडून यायचे. ते तुझंच काम होय?" मी म्हटलं, असेल. त्याने दोरी काढली आणि मागचं दार उघडून दिलं.

आत वाकूनच शिरावं लागतं. तेलाचा आणि जुन्या कॅनव्हासचा वास आहे. स्ट्रेचर ठेवायचे रॅक आहेत. मी बाकावर बसलो. दारातून शिरल्यावर उजव्या अंगाला, बसल्या जागी हात पोचेल अशा उंचीवर तो आहे. चौकोनी, झाकणाला पोचा आलेला. माझ्या डागांच्या शास्त्राने मी डावीकडे लिहिणार होतो. हात लावून पाहिला. गार होता, साहजिकच. तिथे कुणी नव्हतं म्हणून मोठ्याने म्हटलं, मुंगे, उजवीकडे आहे. माझ्याच कानांना विचित्र वाटलं.

म्हातारा बराच वेळ आला नाही. मुद्दामच आला नसावा.

तेव्हा उत्तर हे: उजवीकडे. हे मी पाहून लिहितो आहे. पान ६१ वर दुसरं काही असेल तर ते खरं माना, माझा हट्ट नाही.

आणि एक विचारतो. मी येऊ का? तुमच्या घरी तिची माणसं येतील, जुने शेजारी येतील, विचारतील. विचारू देत. सांगेन धुलाईखान्यात होतो म्हणून.

दादा


१९ ऑगस्ट

दादा,

या.

बंब उजवीकडे बसवला. थोरल्या बाई हात धरायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, श्वास रोखा, आम्ही सगळ्याजणी तेच करतो. पहिल्या खेपेत बसला. पान ६१ मी पाहिलं नाही आणि पाहणार नाही. ते पुस्तक आता वरच्या फळीवर ठेवून दिलं आहे.

छप्परही बसवलं. छपराच्या फटी भरल्या. रंग तिने आधीच कालवून बाटलीत ठेवला होता, हिरवा, झाकणावर "स." लिहिलेला. पुरेसा आहे. एका बाजूला माझ्याकडून ओघळ आला आहे. थोरल्या बाई म्हणतात, खरी गाडी काय धुतल्यासारखी असते का? मग तुमची आठवण होऊन त्यांनीच जीभ चावली. मी त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं आहे. आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे तुम्हाला पहिल्यांदा सांगावं लागणार नाही.

एक गोष्ट राहिली आहे. काडेपेटीत कापसाच्या तळाशी कप निघाले. बाकीच्या प्रत्येक गाडीत दोन आहेत, एक तुमचा आणि एक तिचा, तसं तुमच्या पत्रातच आहे. या पेटीत तीन निघाले. लॅबमध्ये ती कुठलीही वस्तू एक जास्तीची करायची, एखादी हरवली तर असावी म्हणून. तेवढंच असेल. थोरल्या बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, जास्तीच्याला ती कधी कान लावत बसायची नाही. या तिसऱ्याला कान आहे.

मी ते तिन्ही कप अजून बसवलेले नाहीत. मागचं दारही चिकटवलेलं नाही, नुसतं टेकवून ठेवलं आहे. दारातून चिमटा आत पोचतो, तो टेबलावरच आहे. तुम्ही आलात की पाहू.